करंगळीच्या हाडातली माणसं

रशियातल्या सायबेरियाच्या दक्षिण भागात, कझाकस्तान, चीन आणि मंगोलिया यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथल्या अल्ताय पर्वतात अनुय नावाची नदी आहे. नदीच्या पात्रापासून थोडं वर, चुनखडीच्या कड्यात एक गुहा आहे. अठराव्या शतकात डेनिस नावाचा एक विरक्त तिथे राहत असे, म्हणून तिला डेनिसोव्हा म्हणतात. मुख्य दालनाच्या छताला मोठं भोक आहे आणि त्यातून उजेड खाली उतरतो. आतलं वर्षभराचं सरासरी तापमान मात्र शून्य अंशाच्या आसपास असतं. नोव्होसिबिर्स्कचे पुरातत्त्वज्ञ अनातोली देरेव्यांको आणि त्यांचे सहकारी या गुहेतले मातीचे थर वर्षानुवर्षं हळूहळू उकलत होते. २००८ साली अकराव्या थरात त्यांना हाडाचा एक बारीक तुकडा मिळाला. ते एका लहान मुलाच्या करंगळीचं टोक होतं. मुलगा की मुलगी हेही तेव्हा सांगता येत नव्हतं. निअँडर्थल या नामशेष झालेल्या मानवप्रकाराचं असेल किंवा आपल्यासारख्या माणसाचं, असा अंदाज बांधून तुकड्याचा एक भाग जर्मनीत, लाइपझिगच्या मॅक्स प्लँक संस्थेत पाठवला गेला.

तिथे योहानेस क्राउझ यांनी त्यातला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचायला घेतला. हा डीएनए फक्त आईकडून येतो. तो साडेसोळा हजार अक्षरांचा, म्हणजे तसा लहानच असतो आणि एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. म्हणून जुन्या हाडात दुसरं काही टिकलं नाही तरी तो टिकून राहण्याची शक्यता जास्त. आज जिवंत असलेल्या माणसांच्या या डीएनएशी निअँडर्थलाचा डीएनए ताडून पाहिला तर सरासरी २०२ ठिकाणी फरक दिसतो. करंगळीतल्या डीएनएत फरक निघाला ३८५ ठिकाणी. जवळजवळ दुप्पट! चूक तर होत नाही ना, म्हणून पुन्हा वाचलं, पुन्हा ताडून पाहिलं. आकडा तोच. ती करंगळी आपल्यापैकी कुणाची नव्हती आणि निअँडर्थलाचीही नव्हती. २०१० च्या मार्चमध्ये 'नेचर'मध्ये हा शोध छापून आला, तेव्हा मानवाच्या इतिहासात प्रथमच असं घडलं होतं की कवटी नाही, जबडा नाही, चेहऱ्याचा पत्ता नाही आणि तरीही माणसांचा एक अख्खा समूह ओळखू आला. त्याआधीची दीडशे वर्षं माणसाचा प्रत्येक नवा प्रकार हाडाच्या आकारावरून ठरत आला होता. भुवईवरचा उंचवटा केवढा, हनुवटी आहे की नाही, दाढेला उंचवटे किती, यावर विद्वानांनी हयाती घालवल्या. या गुहेवरून ज्यांना डेनिसोव्हन म्हणतात, त्या माणसांची ओळख मात्र रेणूंनी करून दिली.

एवढं मोठं काम एवढ्याशा हाडाकडून कसं झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

माणूस मेला की त्याच्या पेशींतली विकरंच त्याचा डीएनए तोडायला लागतात. मग जीवाणू येतात, बुरशी येते. पुढे पाणी आणि उष्णता हजारो वर्षं तेच काम करत राहतात. तीनशे कोटींहून अधिक अक्षरांच्या मजकुराचे चाळीस-पन्नास अक्षरांचे तुकडे होतात आणि त्यातलेही बहुतेक नाहीसे होतात. थंडीत ही झीज मंदावते. म्हणून सायबेरियातली शून्य अंशाची गुहा मोलाची ठरली. या चुऱ्यातून काही वाचता येईल, असं ज्याला विद्यार्थिदशेतच वाटलं तो माणूस म्हणजे स्वांते पाबो. स्वीडनमध्ये जन्मलेला, आधी इजिप्तच्या प्राचीन इतिहासाकडे ओढलेला आणि नंतर वैद्यकाकडे वळलेला हा तरुण. वाळलेल्या देहात डीएनए टिकतो का, हे पाहायला त्याने दुकानातून वासराचं काळीज, म्हणजे यकृत, विकत आणलं आणि प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये वाळवत ठेवलं. वास सुटला, पण वाळलेल्या मांसात डीएनए मिळाला. मग त्याने इजिप्तच्या ममींना हात घातला आणि १९८५ मध्ये एका बालकाच्या ममीतून डीएनए मिळाल्याचा निबंध 'नेचर'मध्ये आला. सगळीकडे गाजावाजा झाला. पुढे पाबो यांनीच सांगितलं की तो डीएनए बहुधा ममीचा नव्हताच, तिला हाताळणाऱ्या कुणा आधुनिक माणसाचा असावा.

या कबुलीत या विद्येचं सगळं शहाणपण साठलेलं आहे. माणसाच्या जुन्या हाडावर काम करायचं तर सगळ्यात मोठा शत्रू माणूसच. उत्खनन करणाऱ्याचं बोट, वस्तुसंग्रहालयातल्या कारकुनाची शिंक, संशोधकाचा एखादा केस, यातला डीएनए ताजा आणि भरपूर असतो. प्राचीन डीएनए त्याखाली गाडला जातो. म्हणून अशा प्रयोगशाळांत डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतात, टेबलं ब्लीचने पुसतात, रात्रभर अतिनील दिवे चालू ठेवतात. तरीही खात्री कशी पटवायची? उत्तर झिजेतच सापडलं. जुन्या तुकड्यांच्या टोकांशी सायटोसिन हे अक्षर झिजून बदलतं आणि वाचणाऱ्या यंत्राला ते थायमिन दिसतं. ताज्या डीएनएत ही खूण नसते. आधी ज्या झिजेने संशोधकांना हैराण केलं, तीच पुढे जुनेपणाचा दाखला बनली. मला या शास्त्रात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

१९९७ मध्ये पाबो यांच्या म्युनिकमधल्या गटाने पहिला मोठा गड सर केला. १८५६ मध्ये ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात खाणमजुरांना जी हाडं मिळाली होती आणि ज्यांच्यावरून निअँडर्थल हे नाव पडलं, त्याच सांगाड्याच्या उजव्या दंडाच्या हाडाचा लहानसा तुकडा बॉनच्या वस्तुसंग्रहालयाने कापून दिला. त्यातून मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची ३७९ अक्षरं जुळवली गेली. आज जिवंत असलेल्या कुणाही दोन माणसांत त्या भागात सरासरी आठ अक्षरांचा फरक असतो. निअँडर्थल आणि आपण यांत तो २७ निघाला. आईकडून आलेल्या धाग्यात तरी निअँडर्थलांचा मागमूस आपल्यात नव्हता. ते वेगळे होते, संपले, आपण उरलो, असा निष्कर्ष बहुतेकांनी काढला. पाठ्यपुस्तकांतही तोच उतरला.

तो निष्कर्ष अपुरा होता. आईकडून आलेला धागा हा हजारो धाग्यांपैकी एक. ज्या बाईला मुलगी झाली नाही तिचा हा धागा तुटतो. तिच्या मुलांमधून तिचं बाकी सगळं पुढे जातं. म्हणून अख्खा जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचणं भाग होतं. त्यासाठी क्रोएशियातल्या विंडिया गुहेतली तीन हाडं निवडली गेली. त्यांतून निघालेल्या डीएनएपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जीवाणूंचा होता. उरलेल्यातून निअँडर्थलांचा जीनोम शिवत शिवत उभा राहिला आणि २०१० च्या मे महिन्यात 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातली कसोटी सोपी आहे आणि समजून घेण्यासारखी आहे. आफ्रिकेतला एक माणूस घ्या आणि फ्रान्समधला एक. त्यांच्या डीएनएत जिथे जिथे फरक आहे, तिथे निअँडर्थलाचं अक्षर कुणाशी जुळतं ते मोजा. निअँडर्थल आपल्या सगळ्यांपासून सारखाच दूर असेल तर निम्म्या ठिकाणी तो एकाशी जुळेल, निम्म्या ठिकाणी दुसऱ्याशी. तसं झालं नाही. तराजू दर वेळी फ्रेंच माणसाकडे झुकला. युरोपात निअँडर्थल राहत होते, तेव्हा यात नवल नाही असं वाटेल. पण चिनी माणसाला बसवलं तरी तराजू तेवढाच झुकला आणि पापुआ न्यू गिनीच्या माणसाला बसवलं तरी तेवढाच. पापुआत निअँडर्थलांचं एकही हाड कधी मिळालेलं नाही. म्हणजे ही सरमिसळ आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडल्यावर लवकरच, बहुधा पश्चिम आशियात झाली आणि तिथून निघालेल्या माणसांनी तो वारसा जगभर नेला. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात आज निअँडर्थलांचा साधारण २ टक्के डीएनए आहे. पुढे आफ्रिकेत परतलेल्यांमुळे तिथेही थोडा पोचला आहे. तुमच्या-माझ्यातले तुकडे मात्र एकच नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे आलेत.

ही सरमिसळ कधी झाली? याचं उत्तर सायबेरियातल्याच दुसऱ्या एका हाडाने दिलं. इर्तिश नदीच्या काठी निकोलाय पेरिस्तोव्ह हे मॅमथच्या सुळ्यांवर कोरीवकाम करणारे कलाकार सुळे शोधत हिंडत होते. २००८ मध्ये त्यांना मांडीचं एक हाड मिळालं. उस्त-इशिम गावाजवळ सापडलेला हा पुरुष ४५ हजार वर्षांपूर्वीचा. फू च्याओमेई या चिनी संशोधिकेने लाइपझिगमध्ये त्याचा जीनोम वाचला. त्याच्यातले निअँडर्थल तुकडे आपल्यातल्या तुकड्यांपेक्षा बरेच लांब होते. पत्त्यांचे दोन जोड एकदा पिसले तर एकेका जोडाचे सलग पत्ते लांब राहतात. पिसत गेलं की ते तुटत तुटत लहान होतात. इथे पिसणं म्हणजे पिढी. तुकड्यांच्या लांबीवरून किती पिढ्या उलटल्या ते काढता येतं. रोमेनियातल्या ओआसे गुहेतल्या, सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या एका जबड्यात तर इतके लांब तुकडे मिळाले की त्या माणसाचा निअँडर्थल पूर्वज चार ते सहा पिढ्यांमागचा निघाला. म्हणजे त्याचा खापरपणजोबा किंवा त्याच्या मागचा एखाद-दुसरा! २०२४ च्या अखेरीस आणखी बऱ्याच जुन्या जीनोमांचा हिशेब मांडून ही मुख्य सरमिसळ साधारण ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीच्या काळात बसवली गेली. म्हणजे सुमारे सात हजार वर्षं ती चालू होती. एखाद-दुसऱ्या अपघाती भेटीला इतकी वर्षं लागत नाहीत.

आणि गंमत अशी की उस्त-इशिमचा माणूस आणि ओआसेचा माणूस, दोघांचेही वंश पुढे चालल्याचं दिसत नाही. आपल्यासारखीच माणसं, आपल्यासारखाच प्रवास, पण त्यांच्या समूहांची आजच्या कुणात ओळखू येईल अशी खूण उरली नाही. संपून जाण्याचं भाग्य फक्त निअँडर्थलांच्या वाट्याला आलं, असं मुळीच नाही.

आता पुन्हा डेनिसोव्हाकडे. त्या करंगळीची आणखी एक करामत होती. विंडियाच्या हाडांत माणसाचा डीएनए पाच टक्क्यांपेक्षा कमी होता. करंगळीत तो जवळजवळ ७० टक्के होता. इतकी स्वच्छ सामग्री तेव्हा कुणी पाहिली नव्हती. २०१० च्या डिसेंबरात अख्खा जीनोम आला आणि ती मुलगी असल्याचं कळलं. मायटोकॉन्ड्रियाने उभं केलेलं चित्रही त्याने सुधारलं. डेनिसोव्हन निअँडर्थलांपेक्षा आपल्याला दूरचे वाटत होते. प्रत्यक्षात ती दोघं एकमेकांची भावकी निघाली. त्यांचा मूळ पुरुष आणि आपला मूळ पुरुष साधारण पाच ते सात लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. २०१२ मध्ये तर चिमूटभर हाडाच्या भुकटीतून प्रत्येक अक्षर सरासरी तीसेक वेळा वाचता आलं, म्हणजे आज जिवंत माणसाचा जीनोम वाचावा तितकं नीट. ते हाड या कामात जवळजवळ संपून गेलं. हेही लक्षात ठेवायला हवं, कारण प्रत्येक वाचनाची किंमत हाडाने मोजावी लागते.

ही मुलगी सायबेरियाची, पण तिच्या समूहाचा डीएनए सगळ्यात जास्त कुणाकडे असावा? पापुआ न्यू गिनीच्या लोकांकडे, सुमारे ३ ते ५ टक्के. फिलिपिन्समधल्या आयता समाजात तो त्याहूनही जास्त आढळला. अल्ताय ते पापुआ हे अंतर, मधला समुद्र आणि हवामानातली तफावत ध्यानात घेतली की या लोकांचा पसारा केवढा असेल याची कल्पना येते. थंड गुहेपासून विषुववृत्तीय जंगलापर्यंत ते राहत होते. त्यांनी मागे ठेवलेली एक देणगी तर आजही माणसांच्या उपयोगी पडते. तिबेटच्या पठारावर, चार हजार मीटरवर, आपल्यासारखा माणूस राहू लागला की रक्तात तांबड्या पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं आणि हृदयावर ताण येतो. तिबेटी माणसाचं रक्त तसं होत नाही. ईपीएएस१ या जनुकाचा त्यांच्याकडे एक वेगळा प्रकार आहे. तो डेनिसोव्हनांकडून आल्याचं २०१४ मध्ये सिद्ध झालं.

या गुहेतला सगळ्यात विलक्षण शोध अजून पुढेच होता. तिथल्या हजारो हाडांचे इतके बारीक तुकडे झालेत की ते बैलाचे, अस्वलाचे की माणसाचे हे पाहून सांगता येत नाही. तरस आणि लांडगे यांनी ती चघळलेली आहेत. कॅटेरिना डूका यांच्या गटात समँथा ब्राउन या विद्यार्थिनीने असे दोन हजारांहून अधिक तुकडे एकेक करून तपासले. प्रत्येकातून जरासा नमुना काढायचा आणि त्यातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या घडणीवरून प्राणी ओळखायचा. मॅमथ, घोडा, लोकरी गेंडा, रेनडिअर, असं चालू होतं. एवढ्या ढिगात माणसाचा निघाला एकच तुकडा, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. हाडाच्या भिंतीच्या जाडीवरून ती व्यक्ती कमीत कमी तेरा वर्षांची असावी. काळ साधारण नव्वद हजार वर्षांपूर्वीचा.

व्हिव्हियान स्लोन यांनी त्याचा डीएनए वाचला तेव्हा आकडे विचित्र निघाले. जिथे निअँडर्थल आणि डेनिसोव्हन वेगळे असतात, अशा जागी जवळजवळ निम्मी अक्षरं निअँडर्थलांची होती, निम्मी डेनिसोव्हनांची. दोन वेगळ्या नमुन्यांची सरमिसळ झाली असावी, म्हणून पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी मान्य करावं लागलं: या मुलीची आई निअँडर्थल होती आणि बाप डेनिसोव्हन. २०१८ च्या ऑगस्टमध्ये हे प्रसिद्ध झालं. दोन मानवप्रकारांचं थेट अपत्य आजवर एवढं एकच मिळालं आहे. संशोधकांनी तिला 'डेनी' म्हणायला सुरुवात केली. तिच्या बापाच्या डीएनएतही फार मागच्या एखाद्या निअँडर्थल पूर्वजाचे तुकडे होते. तिची आई याच गुहेत आधी राहून गेलेल्या निअँडर्थलांपेक्षा दूरच्या क्रोएशियातल्या निअँडर्थलांच्या जास्त जवळची होती. म्हणजे तिच्या आईकडची माणसं कधीतरी पश्चिमेकडून अर्धा खंड ओलांडून आली होती. एका मुलीच्या अडीच सेंटिमीटर हाडात दोन वंश, दोन खंडांतले प्रवास आणि निदान दोन वेगवेगळ्या वेळचे संकर लिहिलेले आहेत. माणसांच्या मोजक्याच हाडांचा डीएनए वाचला आणि त्यांत अशी मुलगी सापडली, तर असे संबंध विरळा नव्हते, असंच म्हणावं लागतं.

डेनिसोव्हनांना चेहरा मात्र अजून नव्हता. तो कुठे होता ते कळायला २०२५ साल उजाडावं लागलं. १९३३ मध्ये चीनच्या हार्बिन शहरात, जपानी अंमलाखाली, नदीवर पूल बांधणाऱ्या एका मजुराला मोठी थोरली कवटी मिळाली. ती जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून त्याने एका पडक्या विहिरीत लपवली आणि जन्मभर मौन पाळलं. २०१८ मध्ये मरणापूर्वी त्याने नातवंडांना सांगितलं. त्यांनी विहिरीतून ती काढली आणि विद्यापीठाच्या संग्रहालयाला दिली. कवटी किमान १ लाख ४६ हजार वर्षांची. काहींनी तिला स्वतंत्र जात मानून 'ड्रॅगन मानव' असं नाव दिलं. कवटीला एकच दाढ उरली होती. हाडातून डीएनए मिळेना, तेव्हा फू च्याओमेई यांनी त्या दाढेवरचं किटण खरवडलं. त्या कणभर किटणात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए होता आणि तो डेनिसोव्हन होता. भुवईवरचा जाड उंचवटा, मोठी डोळ्यांची खोबणी, रुंद चेहरा, आपल्याइतकाच मोठा मेंदू. करंगळीतून ओळखलेल्या माणसांचा चेहरा पंधरा वर्षांनी समोर आला.

हे सगळं वाचताना एक प्रश्न सहज येतो: आफ्रिकेचं काय? सगळ्यांचा उगम तिथला, तर तिथल्या हाडांतून का नाही वाचत? कारण उष्णता. मोरोक्कोत जेबेल इरहूद इथे आपल्या जातीची तीन लाख वर्षांपूर्वीची हाडं मिळाली, पण त्यांतून डीएनए मिळाला नाही. आफ्रिकेतले वाचता आलेले जीनोम बहुतेक गेल्या काही हजार वर्षांतले आहेत. मग उगमाची गोष्ट आज जिवंत असलेल्या आफ्रिकी लोकांच्या डीएनएतून मांडावी लागते. ते काम १९८७ पासून चालू आहे. तेव्हा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरच्या माणसांच्या मायटोकॉन्ड्रियाचे धागे जुळवून सगळे सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका स्त्रीपाशी पोचतात असं दाखवलं. मात्र त्या काळी तिच्यासारख्या हजारो स्त्रिया होत्या. आईचा धागा एकीचा टिकला, एवढंच. माणूस अमुक एका खोऱ्यात जन्मला हे चित्र आता मागे पडलं आहे. आफ्रिकेतच अनेक समूह लांब राहिले, पुन्हा भेटले, पुन्हा मिसळले आणि त्यातून आपण घडलो, असं आता बहुतेक संशोधक मानतात.

आपल्याकडेही उष्णतेचंच राज्य आहे. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या मोठ्या शहरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी उत्खनन केलं. तिथल्या दफनभूमीतल्या हाडांचे ६१ नमुने तपासले गेले आणि वाचण्याजोगा डीएनए मिळाला एकाच व्यक्तीत. ती साडेचार हजार वर्षांपूर्वीची स्त्री होती. तिच्यात इराणच्या बाजूच्या प्राचीन समूहांशी नातं सांगणारा वारसा होता आणि अंदमानच्या आदिवासींशी दूरचं नातं सांगणारा, या भूमीतल्या सगळ्यात जुन्या शिकारी-भटक्यांचा वारसा होता. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वारसा नव्हता. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये हा निबंध 'सेल'मध्ये आला, त्याच वेळी 'सायन्स'मध्ये शेकडो प्राचीन जीनोमांचा दुसरा निबंध आला. त्यात हा गवताळ प्रदेशातला वारसा इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात आल्याचं दाखवलं होतं. दोन्ही निबंधांचे कित्येक लेखक एकच. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र पहिल्या निबंधाचा आधार घेऊन 'बाहेरून कुणी आलंच नाही' अशा ठळक ओळी छापल्या गेल्या. हे चूक आहे आणि स्पष्ट म्हणायला हवं. राखीगढीच्या स्त्रीमध्ये तो वारसा नसणं आणि तो नंतर येणं, या दोन गोष्टी एकमेकींना दुजोराच देतात.

आजच्या भारतीयांत हे तिन्ही प्रवाह कमी-अधिक प्रमाणात आहेत. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी दाखवलं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी हे समूह इथे भरभरून मिसळत होते. नंतर ते मिसळणं आटलं आणि जातीतल्या जातीत लग्नं करण्याचा काळ सुरू झाला. जातीची भिंत किती जुनी हे सांगणाऱ्या पोथ्या पुष्कळ आहेत. तिच्याआधी इथली माणसं कशी राहत होती, याची साक्ष मात्र आपल्या प्रत्येकाच्या रक्तात आहे. अमुक कुळ शुद्ध, तमुक मूळचं, या बोलण्याला जीवशास्त्रात कसलाही आधार नाही. नव्वद हजार वर्षांपूर्वीही नव्हता.

निअँडर्थलांचा वारसा तर अलीकडेच आपल्या उंबऱ्यापर्यंत आला होता. २०२० मध्ये पाबो आणि ह्युगो झेबर्ग यांनी दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा, तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा निअँडर्थलांकडून आलेला आहे. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांकडे आहे, दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्यांकडे. त्याच पूर्वजांकडून आलेला, धोका कमी करणारा दुसरा एक पट्टाही पुढच्या वर्षी सापडला. पाबो यांना २०२२ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

महाराष्ट्रात हे काम अजून खूप व्हायचं आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची दोनशेहून अधिक दफनं मिळाली. घराच्या जमिनीखाली, मातीच्या रांजणांत ठेवलेली लहान मुलं. घोट्याखालचे पाय कापून पुरलेली मोठी माणसं. नेवासे आणि दायमाबादलाही दफनं मिळाली. ती कोण होती, कुठून आली, त्यांच्यातलं आज आपल्यात काय उरलं, हे प्रश्न हाडांना विचारता येण्याजोगे आहेत, डीएनए टिकला असेल तर. कानाच्या आतल्या भागाला वेढणारं कवटीचं एक हाड शरीरात सगळ्यात घट्ट असतं. उष्ण प्रदेशातही त्यात काही उरण्याची शक्यता बाकीच्या हाडांपेक्षा कितीतरी जास्त, हे २०१४-१५ पासून कळलं आहे. पण तेही एकदा कोरलं की गेलं. म्हणून घाईने कोरण्यापेक्षा ते नीट सांभाळून ठेवणं आज जास्त गरजेचं आहे. लाख किंवा गोंद न लावता, पाण्याने न धुता, थंड आणि कोरड्या जागी.

आणि हे काम पुरातत्त्वज्ञांपुरतं नाही. शेतात विहीर खणताना, घराचा पाया घेताना, नदीची दरड कोसळल्यावर जुनी हाडं, रांजण, मणी दिसले तर त्यांना हात लावू नका, धुऊ नका, उचलून घरी आणू नका. जिथे आहे तिथेच झाकून ठेवा आणि तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.